मंद आच

भर दुपारी रात्र करण्यात आली होती. लंडनच्या टॉटनम भागातल्या त्या सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड ठोकले होते, आणि आत मृताला निरोप देण्याच्या नवव्या रात्रीची सारी मांडामांड व्हेरोना आंटी खुर्चीत बसून करवून घेत होत्या. वसाहतीतल्या जमेकन घरांतले एकही मरण त्यांच्यावाचून पार पडत नसे. मग सिनेमातले तरी कसे पडावे?

“मासळी मधोमध. रम तिच्या उजव्या अंगाला. आणि मध्यरात्र झाल्याशिवाय त्या टेबलाला कुणी बोट लावायचं नाही.”

“या बाटलीत रम नाही, मिस व्हेरोना, पाणी आहे,” डोमिनोच्या पटावरून म्हातारे मिस्टर बॉइसी कुरकुरले. “ही नववी रात्र आहे की बाप्तिस्मा?”

सगळे हसले. आंटी हसल्या नाहीत. टेबलावर फुलांमध्ये ज्याचा फोटो ठेवला होता, तो मृताचे काम करणारा तरुण नट कालच त्यांच्या हातचे जेवून गेला होता. धडधाकट माणसाला असे फुलांत ठेवू नये. त्यांनी फोटो पालथा घातला. डॅरेलने येऊन तो हळूच पुन्हा उभा केला.

डॅरेलची गाणी बसमधल्या पोरांना तोंडपाठ होती, त्याचा चेहरा भिंतीभिंतीवर झळकत होता, आणि आता तो स्वतःच लिहिलेला, स्वतःच काम करीत असलेला आपला पहिला चित्रपट काढीत होता. पण तो वाढला होता आंटींच्या दाराशी; त्यांच्या मुलाचा, लिंडनचा जिवलग म्हणून. लिंडनला वसाहतीच्या जिन्यात कुणीतरी भोसकले. मारेकरी सापडला नाही. त्या जिन्यावरच डॅरेलने आपले पहिले गाणे रचले. ‘तू पडलास तेव्हा मी तिथे नव्हतो’ हे त्याचे पालुपद. त्या एका ओळीने त्याला सारे काही मिळवून दिले होते. आंटींनी ती ऐकली, तेव्हा त्याला पोटाशी धरले होते.

चित्रपटातल्या आईचे काम आंटींनीच करावे, ही गळही त्याचीच. मित्र आईपुढे गुडघे टेकून तिच्या मुलाचे शेवटचे शब्द सांगतो, एवढाच प्रसंग. त्यांनी नुसते ऐकायचे होते.

कॅमेरा सुरू झाला. डॅरेलने गुडघे टेकले. “तो म्हणाला, आईला सांग, माझं तिच्यावर खूप प्रेम आहे.” थोडा थांबून त्याने स्वतःच म्हटले, “कट! कसं वाटलं, आंटी?”

“टाकून दे. आपल्यातला कुठला पोरगा असं बोलतो रे? वाढदिवसाच्या कार्डावरचं वाक्य ते! मरताना माणूस कार्डं वाचतो का?” आंटींनी त्याच्या हातातल्या कागदाकडे हनुवटीने खूण केली. “खाली कट्ट्यावर उभा राहून तालावर तासन्‌तास बोलायचास, तेव्हा होता का कागद? ठेव तो. खरं वाटेल असं बोल, नाहीतर माझी मासळी फुकट तळली म्हणायची.”

मिस्टर बॉइसी खुसखुसले. डॅरेलने कागद बाजूला ठेवला आणि कॅमेरामनला बजावले, “कट म्हटल्याशिवाय थांबवायचं नाही. काही झालं तरी.”

त्याने डोळे मिटले. जुन्या सवयीने त्याची बोटे मांडीवर ताल धरू लागली, आणि शब्द त्या तालावर येऊ लागले.

“थंडी होती, आंटी. जिन्यातला दिवा गेलेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. मी म्हटलं, बोलू नकोस. तर म्हणतो कसा, वर जा, गॅसवर सूप आहे. बारीक आचेवर. बंद कर. करपलं तर आई जीव घेईल माझा.”

कोपऱ्यात कुणाला तरी हुंदका आला. प्रसंग उत्तम साधला, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आंटींना मात्र लिंडन गेला तो शनिवार आठवला. त्या शनिवारी राजम्याचे सूप मंद आचेवर ठेवून, खेळून आलास की बंद कर असे लिंडनला बजावून, त्या हॉस्पिटलात रात्रपाळीला गेल्या होत्या. लिंडन वर पोचलाच नाही. पहाटे पोलिसांकडून त्या परतल्या, तेव्हा दार बंद होते, आत गॅसही बंद होता, आणि सूप करपले नव्हते. हे त्यांनी ना पोलिसांना सांगितले, ना पाद्र्यांना, ना आणखी कुणाला. पोराचा आत्मा जाता जाता आईचा शब्द राखून गेला, असेच त्यांनी मनाशी धरले. मृताला परतीची वाट सापडू नये म्हणून नवव्या रात्री घरातले सामान हलवतात. पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. लिंडनचा पलंग अजून तिथेच होता. दाराचे कुलूपही तेच होते. त्याच्या खिशात किल्ली सापडली नव्हती.

“लिंडनची किल्ली कुठंय, डॅरेल?”

चित्रपटातल्या मुलाचे नाव लिंडन नव्हते.

मांडीवरचा ताल थांबला. डॅरेलने डोळे उघडले. मिस्टर बॉइसींनी हातातली सोंगटी आवाज न करता खाली ठेवली. सगळे ‘कट’ या एका शब्दासाठी डॅरेलच्या तोंडाकडे पाहत होते. तो शब्द म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कुणालाच नव्हता.

कॅमेरामन चुळबुळला. त्याचा हात बटणाकडे गेला.

“हात काढ,” डॅरेलवरची नजर न हलवता व्हेरोना आंटी म्हणाल्या. “कट म्हटल्याशिवाय थांबवायचं नाही, असं सांगितलंय ना तुला? ते आता मी म्हणेन.”