आधी आईंचा इलाज

बाळकुम गावातल्या त्या हळदीत बॅन्जो ऐन रंगात आला होता आणि पुतण्याला हळद लावता लावता रतनबाई स्टेजवरच आडव्या झाल्या. हातपाय झाडायला लागल्या, तोंडाला फेस आला. बॅन्जो थांबला.

त्यांची सून शालू पायरीशीच उभी होती. सासूला फिट आली की नाकात मारायचा फवारा तिच्या पर्समध्ये होता. डॉक्टरांनी तिलाच शिकवलेलं, डोकं धर, नाकपुडीत टोक घाल, दाब. त्यात काय मोठंसं नव्हतं. तिने पर्सची चेन उघडली.

"चप्पल आना गो कोनी, हुंगवा तिला," एक म्हातारी ओरडली.

शालूचा हात थबकला. नवी सून म्हणून आली तेव्हा फिट तिला यायची. पहिल्याच हळदीकुंकवाला ती पडली, तर याच रतनबाईंनी गावभर फिरलेली चप्पल चारचौघींत तिच्या नाकावर दाबली होती. वर म्हणाल्या, "खोटा माल गळ्यात मारला आमच्या." गोळ्यांनी शालूच्या फिट गेल्या. ते बोलणं काही गेलं नाही.

तिने पायातली चप्पल काढली. "घ्या. माझी घ्या."

म्हातारीने ती रतनबाईंच्या नथीखाली गच्च दाबली. सोन्याने मढलेली बाई, जिच्यापुढे बोलायची गावात कुणाची टाप नाही, ती सुनेची चप्पल हुंगत होती आणि अख्खा मांडव बघत होता. खोटं कशाला बोला, शालूला बरं वाटलं. काळीज थंड झालं.

तिचा नवरा दिपेश गर्दी सारत धावत आला. "शालू, फवारा कुठाय?"

"आहे ना. आधी आईंचा इलाज होऊ दे की."

दिपेशने तिच्याकडे पाहिलं, मग चपलेकडे. त्याला कळलं. "अगं, मरेल ती," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठे शालू वर चढली. चप्पल बाजूला केली, सासूचं डोकं मांडीवर घेतलं, नाकपुडीत टोक घालून दाबलं. हळूहळू हातपाय सैल पडले.

बऱ्याच वेळाने रतनबाईंनी डोळे उघडले. नाकाखाली माती लागली होती. ती त्यांनी बोटाने पुसली आणि बोटाकडे बघत राहिल्या.

"कोनाची होती गो?"

शालूने चप्पल ओढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पायात घातली.

"माझी," ती म्हणाली. "उठा आता. हळद खोळंबलीय."