पाणी सारखंच होतं

अर्जुनरावांनी तिसरी साबणाची डबी उपडी केली आणि आतली काँक्रीटची वडी ओट्यावर ठेवली. आठ दिवसांपूर्वी ओतलेल्या तीन वड्या आता शेजारी शेजारी होत्या. ज्या वडीचा माल पक्का निघेल, त्याच मालाचा पूल ओतायचा.

पूल वीतभर उंचीचा. मलकापूरच्या घरामागे, लिंबाच्या झाडाभोवती त्यांनी खेळण्यातली रेल्वे मांडली होती. लाकडी फलाट पावसात कुजला, म्हणून आता फलाट, केबिन, तीन कमानींचा पूल, सगळं काँक्रीटचं करायचं होतं. निवृत्त ओव्हरसियरला ते अवघड नव्हतं. फक्त अर्ध्या इंचाच्या भिंतीत नेहमीची जाड खडी मावत नाही. माल बारीक लागतो. कोणता, तेवढं ठरवायचं होतं.

मंजुळाबाई समोर उकिडव्या बसल्या होत्या. दोन महिन्यांपासून त्या जवळच्या खेड्यातून बागेच्या कामाला येत होत्या. वड्यांचा माल त्यांनीच कालवला होता.

पहिल्या वडीत धुतलेली, चाळलेली रेती आणि दगडाची बारीक चुरी होती. हातोडी बसली तरी नुसता टवका उडाला. दुसरी न चाळलेल्या रेतीची. कडा खडबडीत निघाल्या, पण टिकली. तिसरी अर्जुनरावांनी हातात घेऊन नुसती दाबली. बोटांतच तिचा भुगा झाला.

“पाणी त तिन्हीत सारखंच होतं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मीच टाकलं. एकेक गिलास, मोजून.”

“हो.”

“सिमिट बी सारखंच.”

“हो.”

“मंग हे काऊन फुटलं?”

“ही रेती नाल्यातली. न धुता घेतली होती. तिच्यात माती असते, सिमेंट धरत नाही.” सवयीनं उत्तर तोंडातून निसटलं.

मंजुळाबाईंनी थोडा भुगा तळहातावर घेतला. अंगठ्यानं चोळून पाहिला.

“तुमी बांधलेल्या आमच्या गावच्या पुलाले बी नाल्यातलीच रेती होती, साहेब.”

अर्जुनरावांनी बोटांना चिकटलेला भुगा ओट्यावर झटकला.

“अठरा वरसं झाले. पहिल्याच पुरात पूल गेला. चौकशीवाले आले, सारं गाव पारावर जमलं. तुमी माह्याकडं बोट केलं. म्हणले, हिनं मसाल्यात पाणी जास्त टाकलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब जुळतो का, एवढंच त्या पाहत असल्यासारख्या. “गावात मले अजून पानीवाली म्हणतात. पोरीच्या सासरी बी हेच नाव पोचलं. मले बी वाटे, टाकलं असंन. ऊन लय होतं, मसाला सुकून राह्यला होता. टाकलं असंन दोन गिलास जास्त.”

पाण्यानंही काँक्रीट कमजोर होतं, हे खरंच होतं. तेवढंच म्हणून अर्जुनरावांना सुटता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

“तुम्ही नाही टाकलं,” ते म्हणाले. “उद्घाटनाची तारीख ठरली होती. चांगल्या रेतीची वाट पाहायला मी थांबलो नाही. चौकशीत घाबरलो, आणि तुमच्यावर ढकललं.” त्यांची नजर ओट्यावरून वर उठेना. “तुम्ही कामाला आलात त्याच दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं. तरी बोललो नाही.”

मंजुळाबाई उठल्या. नळावर जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले. त्या आता निघून जातील असं अर्जुनरावांना वाटलं. जाव्यात, असंही क्षणभर वाटून गेलं.

“चला,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“गावाले. मले एकटीले सांगून काय होते?”

अर्जुनराव ओट्याचा आधार घेत उठले. “थांबा. गाडी काढतो.”

“गाडी नोका काढू.” मंजुळाबाईंनी पायात चपला सरकवल्या. “दहाची बस हाय. बसमधी सारे गावचेच राह्यतात.”