पाचव्या माळेचा दिवा

आकांक्षानं चाबी फिरवली. टक-टक-टक असा आवाज आला, समोरचे काटे थरथरले आणि खाली बसले.

मागच्या सीटवर तिचे सासरे, ओमप्रकाश, उजवा हात मांडीवर धरून बसले होते. सोयाबीनचा ढीग उचलताना करंगळीखाली पान लागलं होतं. शेतात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. दोन बारीक ठिपके, बाकी काही नाही. सूजसुद्धा नव्हती. शेजारी बसलेल्या सासूला, मंजुषाला, त्या न आलेल्या सुजेचीच जास्त भीती वाटत होती; सूज न आणणारं पान जास्त घातक, हे तिनं ऐकलं होतं.

"आई, ॲम्ब्युलन्सले पाऊण तास लागते म्हणतात," आकांक्षा म्हणाली. दर्यापूरचा दवाखाना चौदा किलोमीटर. मजूर बायांना सोडून गेलेला ऑटो संध्याकाळी येणार होता.

तिनं पुन्हा चाबी फिरवली. आता टक एकदाच.

"बॅटरी उतरली. काल हॉर्न घसा बसल्यावानी वाजला, तवाच मी म्हटलं होतं."

मंजुषानं ते काल ऐकलं होतं. परवा सकाळी गाडी कण्हत कण्हत सुरू झाली, तेही ऐकलं होतं. ऐकून ती गप्प राहिली होती.

"ढकला मावशी!" आकांक्षानं काचेतून हाक दिली. "दुसरा गिअर टाकते. गाडी पळाली की क्लच सोडते."

गोदाबाई विळा टाकून धावली. तिच्यामागं तिघी. मंजुषाही उतरली. नवरात्राचे नऊ दिवस ती पायात चप्पल घालत नसे. कापलेल्या सोयाबीनची खुंटं तळव्यात घुसली, पण तिनं पाय उचलला नाही. पांदण नाल्याकडं जरा उतरती होती. गाडी हलली, पळाली, एक हिसका बसला आणि जागीच थांबली.

"फॅन बंद, चार्जर काढला, सगळं बंद," आकांक्षा स्वतःशीच पुटपुटत होती. चाबी काढून तिनं हातात घेतली. मग तिची नजर समोर गेली.

"आई, चाबी तं माया हातात हाय. मंग हे काहून जळून राहिलं?"

समोरच्या काचेखाली वीतभर देवी होती. तिच्यापुढं लाल बल्ब, निखाऱ्याएवढा मंद.

घटस्थापनेच्या दिवशी मंजुषानंच दर्यापुरात मेकॅनिक धर्मपालकडून त्या दिव्याची वायर सरळ बॅटरीला जोडून घेतली होती. त्याआधी चाबी काढली की दिवा विझे, आणि घरच्या घटापुढचा दिवा मात्र अखंड. गाडीतली देवी रात्रभर अंधारात काहून बसवावी? "बॅटरी जुनी हाय, मावशी," धर्मपाल म्हणाला होता. "देवी पाहून घेईन," असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. घरी कोणाला सांगितलं नाही.

आज पाचवी माळ.

"आई!"

मंजुषानं दारातून हात आत घातला. देवीकडं तिनं पाहिलं नाही. वायर बोटाला गुंडाळली आणि ओढली. लाल ठिपका गेला. आकांक्षानं चाबी पुन्हा लावली.

"लावा जोर, माय!" गोदाबाई ओरडली. पाचही जणींनी खांदे लावले. गाडी उताराला लागली, हिसका बसला, इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि गुरगुरून उठलं.

"थांबवू नको! पोरी, थांबवू नको!"

असं ओरडतच मंजुषा चालत्या गाडीत चढली. पायरीवर रक्ताचे ठसे उमटले.

डांबरी रस्ता लागला तरी आकांक्षा पाय ढिला करीना. गतिरोधकावर गाडी हळू झाली, इंजिनचा आवाज खाली बसत बसत गेला. आता गेलंच, मंजुषाला वाटलं. आकांक्षानं पाय दाबला आणि आवाज पुन्हा वर आला.

ओमप्रकाशांच्या पापण्या मिटत होत्या. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी एक पापणी वर धरली.

"पियुषची माय," त्यांनी मंजुषाला हाक मारली. जीभ जड झाली होती. "देवीचा दिवा दिसून नाही राहिला मले."

'जळून राहिला जी' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"डोये गेले का व माये?"

आरशातून आकांक्षाचे डोळे तिच्याकडं लागले होते.

"नाही जी," मंजुषा म्हणाली. "डोये नाही गेले. दिवा म्याच इझवला. बॅटरी त्यानंच खाल्ली. धर्मपालले म्याच लावाले सांगतला होता."

ओमप्रकाशांनी पापणी आणखी वर ओढली.

"खरंच इझला ना?"

"हाव."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि पापणी सोडून त्यांनी डोकं तिच्या खांद्यावर टेकलं.

दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. आत एकालाच सोडत होते. काय कधी चावलं ते डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून आकांक्षा धावत गेली. जाताना तिनं गाडी चालूच ठेवून हँडब्रेक ओढला.

मंजुषा पुढच्या सीटवर येऊन बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती. देवीपुढं तुटलेली वायर लोंबत होती. ती इंजिनाच्या थरथरीनं हलत होती.

चौकीदार खिडकीशी आला. "बाई, गाडी बंद करा. धूर आत जाऊन राहिला."

"थोडी पुढं लोटा, भाऊ," ती हळूच म्हणाली. "पण बंद नका करू. ते बाहेर येईपर्यंत."

आणि वाऱ्यात दिव्याभोवती धरावी, तशी तिनं चाबीभोवती ओंजळ धरली.