मागचं दार

“असली बाई खरी असूच शकत नाही,” उज्वला म्हणाली आणि तिनं पुस्तक मिटलं. “दारात जिवाभावाची मैत्रीण रडतेय, आणि ही आत उभी राहून ऐकते? लेखकानं उगाच रंगवलंय.”

नांदेडच्या त्या वाचनालयात दर रविवारी दुपारी सात-आठ बायका जमत. या वेळची कादंबरी नामांतराच्या दंगलीवरची होती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुळजाबाईनं मान हलवली नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत पंचशीला बसली होती.

दोघी बिलोलीकडच्या एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. तुळजाबाई बागायतदाराची लेक, पंचशीला बौद्धवाड्यातली. अठ्ठ्याहत्तर साली जमावानं तो बौद्धवाडा पेटवला. पंचशीलाच्या घरच्यांनी गाव सोडलं ते कायमचं. पुढं ती नर्स झाली, नांदेडातच निवृत्त झाली. दोन वर्षांपूर्वी भाजीबाजारात तिनंच तुळजाबाईला ओळखलं, भर बाजारात मिठी मारली आणि हाताला धरून या वाचनालयात आणलं. दर रविवारी तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. डब्यात धपाटे आणायची. त्या दिवसाबद्दल मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. तुळजाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे. हिला सगळं ठाऊक आहे, तरी ही आपल्याला खाऊ घालते, हे तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

“असते तसली बाई,” तुळजाबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. “मीच हाय ती.”

तिनं पंचशीलाकडं हात केला.

“पंधरा वर्षांची होते. घरात एकटीच. ही, हिची माय अन् मायच्या कडेवर हिची लहान बहीण, तिघी आमच्या मागच्या दाराला आल्या. तुळजे, दार उघड, तुळजे, दार उघड, म्हणून राहिली होती ही. मी कडीवर हात ठेवून आत उभी. माझे चुलते त्या जमावात होते. दार उघडलं तर ते माझं काय करतील, येवढंच डोक्यात. मग ह्या ज्वारीत जाऊन लपल्या. दोन दिवस पाऊस लागून होता. आठवड्याच्या आत लेकरू गेलं.”

तिनं वळून पंचशीलाचे दोन्ही हात घट्ट धरले.

“तुला सगळं माहीत हाय. तरी एका शब्दानं बोलली न्हाईस. आता बोल. शिव्या दे, मार मला. पर असं जेवू घालू नको गं, लई झालं.”

पंचशीलानं हात सोडवून घेतले नाहीत. ते तिच्या हातांत तसेच पडून राहिले. ती तुळजाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. उज्वलानं पाण्याचा गिलास पुढं केला, तो तिला दिसलाच नाही.

“तू आत होतीस?” तिनं विचारलं.

तुळजाबाईनं तिचे हात सोडले.

“आम्हाला वाटलं, तुम्ही समदे जळकोटला मामाकडं गेलात,” पंचशीला म्हणाली. “माय मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, गावात एक घर तर आपलं होतं, त्या दिवशी नेमकं तिथं कुणी नव्हतं.”