साखळीसाहेबांची सरासरी

"याला किती वर्षांचा अनुभव द्यायचा?" साखळीसाहेबांनी लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"अठरा द्या," समोर मटार सोलत बसलेली बायको म्हणाली. "आणि औषधांच्या कंपनीत घाला. तिथे माल थंड ठेवावा लागतो म्हणून पगार गरम असतो, असं तुम्हीच सांगता."

साहेबांनी त्याला औषधांच्या कंपनीत घातलं. दोन परदेशी सर्टिफिकेटं दिली, हाताखाली चाळीस माणसं दिली, पगाराच्या चौकोनात एक लाख साठ हजार लिहिलं आणि बटण दाबलं. शहरातल्या सप्लाय चेन मॅनेजरांच्या पगाराची सरासरी अठ्ठ्याऐंशी हजारांवरून नव्वदवर गेली.

साहेब स्वतः तेच काम करत. कच्चा माल वेळेवर आणायचा, तयार माल वेळेवर पोचवायचा आणि मधे ट्रक बंद पडला की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. ऑफिसात त्यांना साखळीसाहेब म्हणत. सासूबाई मात्र लग्नापासून समजत होत्या की जावई सायकलच्या चेन विकतात. पगार सत्तर हजार, आणि तीन वर्षांत जागचा हललेला नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक गृहस्थ दुसरीकडे जाऊन वर्षभरात परत आला, तो पंच्याऐंशीवर. त्या दिवशी साहेब आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता मालकांच्या केबिनमध्ये शिरले.

मालक शांत माणूस. "रास्त आहे तुमचं," ते म्हणाले. "मी कोण ठरवणार? ती पगारवाली वेबसाइट आहे ना, लोक नाव न देता आपला पगार लिहितात तिथे. पुढच्या शुक्रवारी चार वाजता दोघं मिळून बघू. शहराची जी सरासरी असेल, तो तुमचा पगार. वर तर वर, खाली तर खाली. कबूल?"

साहेबांनी लगेच कबूल केलं. केबिनमध्ये शिरण्यापूर्वीच त्यांनी बघून ठेवलं होतं. सरासरी शहाण्णव होती.

त्या संध्याकाळी स्वारी भलतीच खुशीत होती. बायकोचा खोक्यांचा छोटा कारखाना होता, आणि तिचा माल रोज कुठे ना कुठे अडकलेला असे. "सोडा ना ती नोकरी, माझ्याकडे या," तिने नेहमीप्रमाणे म्हटलं.

"तुझ्याकडे? आधी माझा बाजारभाव बघ," म्हणत साहेबांनी मालकांशी ठरलेलं सांगितलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने बराच वेळ बघितलं आणि ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरासरी एक्क्याण्णव झाली.

साइटवर शहरातल्या जेमतेम तीसेक जणांनी पगार लिहिले होते, त्यामुळे एकेका माणसाने आकडा डुगडुगत असे. साहेबांनी नव्याने आलेली निनावी मंडळी तपासली. एकाला दोन वर्षांचा अनुभव, कारखाना लहान, सर्टिफिकेट शून्य, पगार एकवीस हजार. दुसरा शहराच्या टोकाला, अर्धवेळ. तिसऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, कॉम्प्युटरही येत नव्हता.

"ही माणसं मॅनेजर आहेत?" साहेब संतापले. "यांना तर भाजीची पिशवीसुद्धा घरी पोचवता येणार नाही!"

मग त्यांनीही कंबर कसली. ते संध्याकाळी माणसं जन्माला घालत आणि दुपारी कुणीतरी दरिद्री माणसांची नवी तुकडी उतरवी. साहेबांनी तेल कंपनीतला एक आणला, जहाज कंपनीतले दोन आणले. बायको तपशील पुरवी. "याला जरा कमी द्या, नाहीतर खोटं वाटेल," असंही सांगे. साहेबांना तिचं कौतुक वाटे.

"हे सगळं ऑफिसच्या वेळात चालतं," ते एकदा म्हणाले. "म्हणजे कुणीतरी पगार घेऊन माझा पगार पाडतंय."

"लाज नाही लोकांना," बायको म्हणाली.

संशय पगार विभागातल्या बाईंवर होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा अंगठा फोनवर सारखा चाले. साहेब दोन दिवस त्यांच्याकडे टक लावून बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी टेबल बदललं.

शुक्रवारी दुपारी साहेब फोन घेऊन संडासात जाऊन बसले आणि हाताला येतील तेवढे मॅनेजर त्यांनी शहरात सोडले. पावणेचारला सरासरी चौऱ्याऐंशी झाली. त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले आणि केबिन गाठलं. या वेळी दार वाजवलं.

मालकांनी चष्मा लावला, साइट उघडली. आकडा यायला वेळ लागला. आला तो बासष्ट.

"अरेरे," मालक म्हणाले. "मलासुद्धा वाईट वाटतंय. पण शब्द म्हणजे शब्द."

"शब्द तुमचा, नोकरीही तुमचीच," साहेब म्हणाले आणि तिथेच कागद मागून राजीनामा लिहिला.

घरी बायको लवकर आली होती. साहेबांनी बूट काढले, पंख्याखाली बसले. "सोडली नोकरी," एवढंच म्हणाले. आकडा सांगायची त्यांना लाज वाटली.

"बरं झालं," ती म्हणाली. तिने पाणी दिलं. ग्लास रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली, हात टेबलावर ठेवले.

"सोमवारी नऊला कारखान्यात या. सदुसष्ट देईन. बाजारात बासष्ट चाललंय, मी पाच वर देतेय."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "बासष्ट? तू कधी बघितलंस?"

"अहो, साठवरच आणणार होते," बायको उजवा अंगठा चोळत म्हणाली, "पण हा सुजला."