नाव काय गं?

मालनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून, आवाजाची थरथर तिला जाणवून देत, आईने, जनीने, चार वर्षांत तिला एकच शब्द शिकवला: तिचं नाव.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये मूकबधिर मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दोघी हर्णैहून एसटीने रत्नागिरीला आल्या. दाखला देणाऱ्या डॉक्टरने मालनला विचारलं, "नाव काय गं?"

त्याचे ओठ बघून ती म्हणाली, "माऽलन."

"बोलते की!" त्याने अर्जावर काट मारली.

"ह्या एका नावाला चार वर्सं गेली माजी!" जनी ओरडली. "दुसरा एक शब्द काडून दाकवा तिच्या तोंडातनं!"

"चला, पुढचा कोण?"

सहा महिन्यांनी पुन्हा तोच डॉक्टर, तोच प्रश्न. मालनचा चेहरा उजळला. जनीने तिचा तोच हात उचलला आणि तिच्याच तोंडावर दाबून धरला.