चौथा खांब

खांब चार होते आणि प्रत्येकात तीन तिरकी भोकं. बेळगावकडच्या महांतेश सुताराने ती काल दोन दांड्यांच्या गिरमिट-यंत्राने पाडली होती. आज भोकांमधलं लाकूड पटाशीने काढून तिरक्या टेकूंसाठी खाचा करायच्या होत्या.

तीन खांब झाले. चौथ्यापाशी तो अडला.

"अक्का, ह्यो अजून गरम हाय की."

"घर्षणाने तापला असेल," फिजिक्स शिकलेली मुग्धा म्हणाली. मल्लेश्वरमच्या गच्चीवरची तिची दुर्बिणीची खोली मंगळवारच्या ग्रहणाआधी उभी राहायलाच हवी होती.

"कालचं घर्षण व्हय? असं शिकवत्यात कॉलेजात?"

हसत तिने थर्मामीटर आणला. आधीच्या तिन्ही खांबांच्या खाचांत पंचवीस अंश. चौथ्या खांबाच्या भोकात सदतीस. तिने थर्मामीटर पुसून पुन्हा घातला. सदतीसच. जिवंत माणसाच्या अंगाइतकं.

आता ती हसत नव्हती.

"ह्यो नको, अक्का. दुसरा खांब आणतो. स्वल्प, दोनच दिवस द्या."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"दोन दिवस नाहीत, अण्णा. घाला घाव."

महांतेशने मान फिरवून पटाशीवर हातोडा मारला. एकदाच.

मुग्धाने थर्मामीटर आत सरकवला. पंचवीस.